उणे वीस अंशांतली पळापळ
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी फोनवर मला विषय दिला होता 'अमेरिकेतले अनुभव'. मी म्हटलं, बारा वर्षं मी तिथं कॉम्प्युटरसमोर बसलेय, तेवढं तर पुण्यातही बसता आलं असतं. त्यापेक्षा थंडीत पळण्याबद्दल बोलते. तर पलीकडून हसू आलं, "निफाडच्या माणसांना तू थंडी शिकवणार?" मुद्दा बरोबर आहे. दरवर्षी डिसेंबरात पेपरात बातमी येते, निफाडचा पारा घसरला. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा असतो, आणि आपल्याला उगाच अभिमान वाटतो, जणू काही पारा आपणच खाली ओढला. थंडी म्हणजे काय हे द्राक्षबागायतदाराला सांगायला नकोच. मणी तडकू नयेत म्हणून पहाटे तीनला उठून ओळींमध्ये शेकोट्या लावणारी, विहिरीचं कोमट पाणी ठिबकनं सोडणारी माणसं तुम्ही. मी फक्त थंडीच्या दुसऱ्या एका गावची हकीकत सांगणार आहे.

ते गाव मिनियापोलिस. भूगोलाच्या बाई समोर बसल्यात म्हणून सांगते, ४५ अंश उत्तर अक्षांश, म्हणजे विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या बरोबर मध्ये. तरी हिवाळा ध्रुवासारखा, कारण समुद्र कुठल्याच बाजूनं जवळ नाही. 'समुद्रसान्निध्याचा हवामानावर होणारा परिणाम' हा प्रश्न बाईंनी चाचणीत चार मार्कांना विचारला होता. मला दीड मिळाला. उरलेले अडीच मी तिथं जाऊन कमावले. डिसेंबरात सूर्य पावणेआठच्या पुढं उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. तळी इतकी गोठतात की माणसं त्यांच्यावर गाड्या नेतात, बर्फाला भोक पाडून मासे धरतात. जानेवारी २०१९ च्या शेवटी पारा उणे तीसच्याही खाली गेला होता आणि टपालखात्यानं पत्रं वाटणं थांबवलं होतं.

त्याच वर्षी माझी साखर निघाली. छत्तीस वर्षांची होते. तीन महिन्यांच्या सरासरीची ती तपासणी असते ना, एचबीएवनसी, ती ६.२ आली. डॉक्टर म्हणाल्या, अजून मधुमेह नाही, उंबरठ्यावर आहात. उंबरठा हा शब्द अर्थात माझा. घरात कुणाला आहे का, असं त्यांनी विचारलं आणि मला नानांचा पाय आठवला.

इथल्या पुष्कळ जणांना ते माहीत आहे. नानांना विचारूनच सांगतेय. जानेवारी २०१६ मध्ये थंडीची लाट आली तेव्हा ते रात्रभर बागेत शेकोट्या करत होते. चपलेचा अंगठा तुटला म्हणून चपला बांधावर काढून ठेवल्या आणि अनवाणी फिरले. सकाळी ओट्यावर रक्ताचे डाग वहिनीला दिसले. तळव्याला निखारा चिकटून मांस भाजलं होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. साखरेनं पायाची जाणीवच गेली होती. जखम भरली नाही, नाशिकला दोन बोटं काढावी लागली. मी फोनवर रडत होते आणि ते एकच वाक्य सांगत होते, "कळलंच नाही गं मला."

तर मला पळायचं होतं. उन्हाळ्यात सगळं छान. मे ते ऑक्टोबर पळाले, आकडा ५.८ वर आला. नोव्हेंबरात बर्फ पडला आणि थांबले. जिममधल्या पट्ट्यावर पळून पाहिलं. समोर भिंत, वर टीव्ही. ऑफिसात दिवसभर स्क्रीन पाहून पुन्हा पळताना स्क्रीन! मला नाही जमलं. ज्यांना जमतं त्यांनी तिथंच पळावं, त्यात कमीपणा काही नाही.

डिसेंबरात एका सकाळी ठरवलं, बाहेर जायचं. दोनशे डॉलरचं जाडजूड जाकीट घेतलं होतं. आत सुती टी-शर्ट, सुती मोजे, हातात विणलेले पाच बोटांचे मोजे. उणे बारा होतं. लेक हॅरिएट नावाचं तळं घराजवळ आहे, भोवती सुमारे साडेचार किलोमीटरची वाट, महापालिकेची माणसं यंत्रानं बर्फ काढून ठेवतात. अर्ध्या वाटेपर्यंत मी मजेत होते, उकडत होतं उलट. घामानं टी-शर्ट चिंब. मग फोटो काढायला थांबले, हातमोजा काढला. फोन बंद पडला, कारण इतक्या थंडीत बॅटरी मान टाकते, आणि हे मला, इंजिनियर बाईला, माहीत असायला हवं होतं. वळले तर वारा तोंडावर. दोन मिनिटांत घाम बर्फासारखा झाला. बोटं आधी ठणकली, मग ठणकायची थांबली. मला वाटलं, चला, सवय झाली.

घरी आले तर उजव्या हाताची दोन बोटं मेणासारखी पांढरी. नळाखाली धरायला गेले, तर नवऱ्यानं हात मागं ओढला. पाण्याची वाफ त्याला दिसत होती, मला गरम लागत नव्हतं. त्यानं कोपर बुडवून पाहत कोमट पाणी केलं, त्यात अर्धा तास हात ठेवला. जाणीव परत येताना जे दुखलं ते बाळंतपणाच्या खालोखाल. हिमदंशाची ती पहिली पायरी होती, बोटं वाचली. पण नळाखालचा तो क्षण काही डोक्यातून जाईना. कळलंच नाही गं मला.

त्यानंतर महिनाभर घरात बसले. मला यातून बाहेर काढलं शेजारच्या एका बाईंनी. वय पासष्टच्या पुढं, उणे वीसलाही सकाळी पळताना दिसायच्या. मी माझी हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी जाकिटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, हे बसस्टॉपवर उभं राहायला आहे. पुढचं सगळं त्यांनी शिकवलं, थोडं मी वाचून तपासलं.

पहिली गोष्ट, दारातून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. पळायला लागलं की शरीराची भट्टी पेटते, म्हणून तापमान आहे त्यापेक्षा दहा अंश जास्त आहे असं समजून कपडे घालायचे. उणे दहा असेल तर शून्याचे. थंडीत पळताना मुख्य शत्रू घाम. ओलं कापड कोरड्यापेक्षा किती तरी पट वेगानं अंगातली उष्णता ओढून नेतं, आणि सुती कापड पाणी धरून ठेवतं. आपलं इतकं लाडकं सूत, पण इथं ते वैरी. अंगालगत मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर हवं. मेरिनो म्हणजे बारीक धाग्याची लोकर, ती टोचत नाही, आणि बराच ओलावा पिऊनही अंगाला ओली लागत नाही. त्यावर हवा कोंडून ठेवणारा एक थर, त्यावर वारा अडवणारं पातळ जाकीट, ज्याची चेन खालीवर करता येते. घाम येतोय असं वाटलं की चेन उघडायची, वाऱ्यात आलो की लावायची. माझा निम्मा हिवाळा त्या चेनवर जातो.

हातांना पाच बोटांचे मोजे नकोत. बोटं एकमेकांना चिकटून राहिली की एकमेकांना ऊब देतात, म्हणून लहान बाळाला घालतो तसले पिशवीसारखे मोजे. मोबाइल अंगालगतच्या खिशात. पायात लोकरीचे मोजे, पण एकच जोड. मी शहाणपणा करून दोन जोड घातले होते, बूट घट्ट झाले, रक्त जाईना आणि बोटं जास्तच गारठली. बुटाच्या पुढच्या जाळीला आतून चिकटपट्टी लावायची, वारा अडतो. निसरड्यासाठी त्या बाईंनी माझ्या जुन्या बुटांच्या तळव्यात पत्र्याला मारायचे छोटे स्क्रू पिळून दिले, डोकी बाहेर. बर्फावर घोड्याच्या नालेसारखी पकड येते. बाजारात साखळ्यांची तयार जोडणी मिळते, पण मला स्क्रूच आवडतात. गालाला व्हॅसलिन लावतात, त्यानं वारा कमी बोचतो, हिमदंश टळत नाही. फुप्फुसं गोठतील ही भीती मात्र काढून टाका. हवा नाकाघशातच तापून आत जाते. दमा असणाऱ्यांना कोरडी थंड हवा त्रास देते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये.

आणि वारा. आकडा नुसता तापमानाचा पाहायचा नाही. उणे वीसला ताशी वीस किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे तीससारखं लागतं. पूर्वी हा हिशेब अंटार्क्टिकात पाण्याचं भांडं बाहेर टांगून, ते किती वेळात गोठतं यावरून काढला होता. २००१ मध्ये अमेरिका-कॅनडानं नवं सूत्र आणलं, त्यासाठी माणसांना थंड वाऱ्यात चालायला लावून त्यांच्या चेहऱ्याचं तापमान मोजलं. मला हे फार आवडतं, कारण शेवटी कुणीतरी भांड्याऐवजी माणसाला विचारलं. तो आकडा उणे अठ्ठावीसच्या खाली गेला की अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. मी उणे पंचवीसलाच घरी बसते. शेजारच्या बाई माझ्यावर हसतात, हसू देत. आणि निघताना तोंड वाऱ्याकडे करून निघायचं, म्हणजे घामेजल्यावर परतताना वारा पाठीला येतो. पहिल्या दिवशी मी नेमकं उलटं केलं होतं.

हे सगळं करून मी आता पाच हिवाळे पळलेय. पहाटे तळ्याचा बर्फ आवाज करतो, खालून कुणी लोखंडी पिंप आपटावं तसा. पापण्यांवर दंव गोठतं. साखर ५.६ ते ५.८ मध्ये फिरते, उंबरठ्याच्या जरा अलीकडे, जरा पलीकडे. ती गेली असं मी म्हणणार नाही.

पण घरी आल्यावर एक काम मी रोज करते, पळणं चुकलं तरी ते चुकवत नाही. मोजे काढून पायाची दहाही बोटं एकेक दाबून पाहते, रंग बघते, तळव्याखाली आरसा धरते. डॉक्टर वर्षातून एकदा नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून विचारतात, लागतंय का. त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. नानांची ही तपासणी कधी कुणी केली नव्हती. साखर असताना रात्री अनवाणी बागेत फिरणारे आज या मैदानात किती बसलेत, हात वर करू नका, पण मला काल जेवताना चौघं भेटले. त्यातल्या एकानं मला सांगितलं, "पायाला मुंग्या येतात, पण दुखत नाही, म्हणजे बरंच आहे." ते बरं नाही रे. दुखत नाही म्हणूनच दाखवायचं.

पी.टी.च्या सरांनी मघाशी चहाच्या वेळी मला विचारलं, शाळेत तर तू मैदानाला दोन फेऱ्या मारतानाही पोटात दुखतंय म्हणून बसायचीस. खरं आहे सर. पोटात दुखत नव्हतं. उद्या सकाळी सहाला मी मैदानावर येणार आहे, राहिलेल्या फेऱ्या पूर्ण करायला. सात-आठ अंश असेल, म्हणजे एक पूर्ण बाह्यांचा शर्ट पुष्कळ झाला, स्वेटर आणि माकडटोपी घरी ठेवा. पळायचं नसेल त्यांनी चालावं. बूट मात्र घालून यायचं, आणि ज्या चौघांशी काल बोलले त्यांनी मोजे काढून पाय दाखवायचे, मी बॅटरी आणणार आहे.