एकटीचे ओझे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला एकटीच्या प्रवासावर चार शब्द बोलायला सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा पुस्तकी बोलणे मला जमणार नाही. गेल्या पौषात मी विरारहून शिरसाड, पारोळ या वाटेने वज्रेश्वरीला पायी जाऊन आले. पाठीला पिशवी, निजायला नायलॉनची झोळी, आणि बरोबर कोणी नाही. त्यात काय शिकले तेवढे सांगते.

पंचवीस वर्षे मी सगळ्या घराची बांधाबांध करीत आले. यांच्या गोळ्या, सासूबाईंची शाल, मुलांचा खाऊ, हे मला झोपेतही सांगता येईल. पण स्वतःपुरती पिशवी भरायला बसले आणि हात थांबला. मला एकटीला काय लागते? हे आजवर कोणी विचारले नव्हते, मीही नव्हते. शेवटी एक जादा साडी, गोधडी, विजेरी, पाणी, दशम्या नि चटणी एवढेच निघाले. भरल्या कळशीपेक्षा ते ओझे हलकेच होते.

आता झोळीविषयी. आपली पोरे ज्या झोळीत वाढली, तीच ही, फक्त मोठ्या माणसाची. वेस्ट इंडीज बेटांवरचे मूळचे लोक असल्या झोळीत निजत. कोलंबस १४९२ साली तिकडे गेला तेव्हा त्याने त्या पाहिल्या, आणि पुढे गलबतांवरचे खलाशीही त्यांत निजू लागले. बांधायला चार-पाच पावलांच्या अंतरावरची दोन जिवंत, जाड झाडे पाहावीत. बारीक दोरीने सालीला काच पडतो, म्हणून रुंद पट्टे वापरावेत. झोळी ताणून न बांधता जरा सैल ठेवावी आणि तीत तिरके निजावे, म्हणजे पाठ सरळ राहते. थंडी खालून लागते, म्हणून गोधडी आधी खाली घालावी, मग अंगावर. आणि नारळाखाली बांधू नये, हे आपल्या वाडीवाल्यांना सांगायला नकोच!

दिवस कलायच्या आत मुक्काम शोधावा आणि घरमालकाला विचारल्याशिवाय झाडाला हात लावू नये. पारोळच्या पुढे एका घरी मी अंगणातला आंबा नि जांभूळ मागितले. तिथल्या आजी झोळी पाहून हसल्या. म्हणाल्या, “बाय, ही तं पोराची झोळी!” रात्री दोनदा उठून त्या मला पाहून गेल्या. एकटीने जायचे म्हणजे माणसांवाचून जायचे नव्हे, हे मला तिथे कळले.

दुसऱ्या दिवशी वज्रेश्वरीच्या पायऱ्या चढले. वसईचा किल्ला १७३९ साली सर झाल्यावर चिमाजी अप्पांचा नवस फेडायला हे देऊळ बांधले गेले. आपल्या वसईचेच नाते ते. रात्री तिथेच एक खोली घेतली आणि सकाळी एस.टी.ने परतले.

“बाईमाणूस एकटी? लोक काय म्हणतील?” हे मला निघताना शेजारणींनीही विचारले आणि घरच्यांनीही. रागाने नव्हे, काळजीने. आनंदीबाई जोशींनाही हेच विचारले होते. १८८३ सालच्या फेब्रुवारीत, बंगालमध्ये सेरामपूरच्या कॉलेजात, अमेरिकेला एकटी का जाते याचे उत्तर त्यांनी भर सभेत दिले. तेव्हा त्यांना अठरावे वर्ष पुरे व्हायचे होते. नवरा बरोबर नसता त्या गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांची थोरवी आपल्यात कुठून येणार? पण उत्तर आपले आपणच द्यायचे असते, एवढे तरी त्यांच्याकडून घेता येते.

घरी आले तर चूल पेटलेली होती, भात थोडा करपला होता, आणि सगळे जेवले होते. मला बरे वाटले, आणि खरे सांगायचे तर थोडे वाईटही वाटले. माझ्यावाचून दोन दिवस निभतात हे कळणे सोपे नसते. पण ते कळल्यावर पाठीवरचे केवढे तरी ओझे उतरते.

सगळ्यांनी डोंगरात जावे असे माझे म्हणणे नाही. पण प्रत्येकीने एकदा तरी फक्त स्वतःपुरती पिशवी भरून पाहावी. मग माहेरी जा, अर्नाळ्याच्या समुद्रावर जा, नाहीतर वज्रेश्वरीला जा. जाणारीला झोळी हवी असेल तर माझ्याकडे आहे, खुशाल मागून न्यावी.

एवढे बोलून माझे चार शब्द पुरे करते.