कपाटातील कॅसेटी आणि कानांसाठीचे पुस्तक

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी कोणतीही संस्था आपल्या मालमत्तेची यादी करते. इमारत, जागा, बँकेतील ठेवी, भांडी, सतरंज्या या सर्वांची नोंद ताळेबंदात होते. परंतु कार्यालयातील कपाटाच्या खालच्या कप्प्यात जुन्या कॅसेटींचा जो खोका असतो, त्याची नोंद सहसा कोणत्याही वहीत आढळत नाही. त्या खोक्यात चातुर्मासातील प्रवचने असतात, दिवंगत विद्वानांची व्याख्याने असतात, समाजातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या आठवणी असतात. या ठेवीवर व्याज मिळत नाही. उलट दरवर्षी मुद्दलच कमी होत जाते. ही ठेव वाचवावी कशी आणि जिला तिची खरी गरज आहे त्या व्यक्तीच्या कानापर्यंत पोचवावी कशी, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

ऐकून ज्ञान जपण्याची परंपरा या समाजाला नवी नाही. आगमज्ञानाला 'श्रुत' म्हणतात, कारण ते आधी कानांनी घेतले गेले. स्मरणशक्ती क्षीण होऊ लागल्याचे पाहून गिरनारच्या आचार्य धरसेनांनी पुष्पदंत आणि भूतबली यांना ज्ञान दिले व त्यातून षट्खंडागम लिहिला गेला, ही दिगंबर परंपरा. वीरनिर्वाणानंतर सुमारे हजार वर्षांनी वल्लभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम लिपिबद्ध झाले, ही श्वेतांबर परंपरा. साधन दुबळे होऊ लागले की ज्ञान वेळीच दुसऱ्या साधनावर उतरवून घ्यावे, हा बोध दोहोंत समान आहे. आज दुबळे झालेले साधन म्हणजे कॅसेटची फीत.

जगात बोलक्या पुस्तकांचा आरंभ अंध वाचकांसाठी झाला. अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९३४ साली अंधांसाठी ग्रामोफोन तबकड्यांवरील पुस्तके देण्यास प्रारंभ केला; ब्रिटनमध्ये ही सेवा १९३५ साली सुरू झाली. एका कादंबरीला त्या काळी अनेक तबकड्या लागत. १९६३ साली फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट आणली आणि हे काम सुलभ झाले. आपल्या राज्यात १९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने कॅसेटवरील बोलक्या पुस्तकांचे ग्रंथालय अनेक वर्षे चालवले. १९९६ साली 'डेझी' नावाचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला आणि अंध वाचकाला प्रकरणावरून प्रकरणावर, पानावरून पानावर जाता येईल अशा ध्वनिपुस्तकाचे प्रमाण स्वरूप पुढे आले. २०१६ साली केंद्र शासनाने 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू केले. डोळस श्रोत्यांसाठी २०१७ साली स्टोरीटेल भारतात आले आणि मराठी ध्वनिपुस्तकांचा बाजार वाढला. नागपूरकरांना तर ऐकण्याची सवय जुनीच आहे. आकाशवाणीचे येथील केंद्र १९४८ पासून घराघरांत पोचलेले आहे.

मग अडचण कोठे येते? अनेक संस्थांनी कॅसेटींचे संगणकीकरण केलेलेही असते. एका पेनड्राइव्हमध्ये दोनशे फायली भरून त्या घरोघरी वाटल्या जातात. त्यांची नावे 'ट्रॅक १', 'ट्रॅक २' अशी असतात. ज्यांची दृष्टी मधुमेहाने वा वयोमानाने मंदावली आहे अशा आजींनी काल दुपारी नेमके कोठे थांबवले होते, हे त्या यंत्राला ठाऊक नसते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पहिल्या फाईलपासून सुरू होते. नातवंडे घरी असतील तर शोधून देतात. नसतील तर आजी तो नाद सोडून देतात. अशा रीतीने आवाज घरात येतो, पण श्रवण घडत नाही.

ध्वनिफाईल आणि ध्वनिपुस्तक यांतील भेद येथेच आहे. ध्वनिपुस्तकाला चार गोष्टी आवश्यक असतात : ग्रंथाचे व वक्त्याचे नाव, प्रकरणांची विभागणी, प्रकरणांचा योग्य क्रम आणि थांबलेल्या जागेची खूण. कापडाच्या दुकानात ताक्यावर चिठ्ठी नसेल तर माल उत्तम असूनही तो गिऱ्हाइकापुढे वेळेवर उलगडता येत नाही. ध्वनिमुद्रणाचेही तसेच आहे.

प्रथम मूळ फितीचा विचार करू. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि पत्र्याच्या किंवा पश्चिमेकडील भिंतीलगतच्या कपाटात उष्णता त्याहून अधिक साठते. त्यानंतर पावसाळ्यात दमटपणा येतो आणि फितीवर बुरशी धरते. फितीवरील चुंबकीय लेप सुटू लागतो. एका वेढ्यातील आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटून बोलण्याआधीच त्याची पुसट चाहूल ऐकू येते. सी-९० कॅसेटची फीत सी-६० पेक्षा पातळ असल्याने ती लवकर ताणते. म्हणून जुनी कॅसेट लावण्यापूर्वी तिच्या वरच्या कडेचे दोन चिमुकले प्लॅस्टिकचे तुकडे मोडलेले आहेत की नाहीत ते पाहावे. नसतील तर मोडावेत, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे मुद्रण होणार नाही. फीत एकदा पूर्ण पुढे व एकदा पूर्ण मागे फिरवावी, म्हणजे तिचा ताण सारखा होतो. टेपचे हेड दर काही कॅसेटींनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. बुरशी धरलेली कॅसेट मात्र जाणकाराच्या हाती द्यावी, कारण तिच्यामुळे यंत्र व पाठोपाठच्या कॅसेटी दोन्ही बिघडतात.

टेपच्या 'लाइन आउट' जोडणीतून आवाज संगणकात घ्यावा. स्पीकरसमोर मोबाइल धरून केलेले मुद्रण खोलीतील पंख्याचा आवाजही साठवते. मूळ प्रत 'वेव्ह' या न दाबलेल्या स्वरूपात ठेवावी. सेकंदाला ४८ हजार नमुने आणि २४ बिट या मापाने एका वाहिनीच्या एका तासाला सुमारे ५१८ मेगाबाइट जागा लागते. पन्नास सी-६० कॅसेटी, म्हणजे पन्नास तास, यांना सुमारे २६ गिगाबाइट पुरतात. आजच्या काळात ही जागा फार महाग नाही. या मूळ प्रतीला कधीही हात लावू नये. तिच्या तीन प्रती कराव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात, आणि त्यांतील एक दुसऱ्या इमारतीत असावी.

स्वच्छतेचे काम दुसऱ्या प्रतीवर करावे. ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसे आहे. विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आणि फितीची सळसळ कमी करता येते. पण ती पूर्ण घालवण्याच्या नादात वक्त्याचा आवाज पत्र्यासारखा होतो. थोडी सळसळ राहिली तरी चालेल, आवाज माणसाचा राहिला पाहिजे. सर्व प्रकरणांची पातळी एकसारखी असावी. व्यावसायिक ध्वनिपुस्तकांसाठी ऑडिबलच्या निर्मिती विभागाने ठरवलेले माप असे आहे : सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, कमाल उणे ३ डेसिबल. हे माप पाळल्यास वृद्ध श्रोत्याला दर प्रकरणाला आवाज कमी-जास्त करावा लागत नाही.

येथे एक नैतिक प्रश्नही उभा राहतो. आज संगणक मराठी मजकूर स्वतः वाचून दाखवतो, आणि काही मिनिटांच्या नमुन्यावरून एखाद्याच्या आवाजाची नक्कलही करतो. फितीत चार वाक्ये पुसली गेली असतील तर ती दिवंगत वक्त्याच्या नकली आवाजात भरून काढण्याचा मोह होईल. तो टाळावा. गाळलेली जागा गाळलेलीच ठेवावी आणि 'येथे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही' असे निवेदकाच्या आवाजात सांगावे. खंडित हस्तलिखिताचा प्रामाणिक संपादक असेच करीत आला आहे.

त्यानंतर विभागणी. कॅसेटची बाजू संपली म्हणून प्रकरण संपत नाही. विषय संपला की प्रकरण संपवावे. पंधरा ते तीस मिनिटांचे प्रकरण वृद्धांना सोयीचे असते. फाईलच्या नावात क्रमांक ००१, ००२ असा तीन अंकी लिहावा. केवळ १, २, ३ लिहिल्यास अनेक यंत्रे १ नंतर १० आणि मग ११ वाजवतात व २ मागे पडतो. फाईलच्या आत ग्रंथनाम, वक्ता आणि प्रकरण यांची माहिती भरण्यासाठी 'आयडी-३' नावाच्या खुणा असतात. त्यांची जुनी पहिली आवृत्ती एका नावाला तीसच अक्षरे देते आणि देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हे दिसतात. म्हणून दुसरी आवृत्ती युनिकोडसह वापरावी.

आता स्वरूपाची निवड. 'एमपी-३' जवळजवळ सर्वत्र चालते, पण प्रत्येक प्रकरण सुटे राहते. 'एम-४-बी' या स्वरूपात संपूर्ण पुस्तक एकाच फाईलमध्ये बांधले जाते, आत प्रकरणांच्या खुणा असतात आणि योग्य ॲप थांबलेली जागा लक्षात ठेवते. एफएफएमपेग या विनामूल्य साधनाने ही बांधणी होते. सेकंदाला ६४ किलोबिट या दराने एका तासाला २८.८ मेगाबाइट, म्हणजे पन्नास तासांना दीड गिगाबाइटही लागत नाहीत. मात्र एमपी-३ फाईलचे नाव बदलून ती एम-४-बी होत नाही. तिचे पुन्हा रूपांतर करावे लागते, आणि आधीच दाबलेला आवाज पुन्हा दाबल्याने त्याचा कस उतरतो. म्हणून रूपांतर नेहमी मूळ वेव्ह प्रतीवरून करावे. पूर्ण अंध श्रोत्यांसाठी डेझी स्वरूप योग्य. आणि मजकूर व आवाज एकत्र हवा असेल तर ई-पब-३ स्वरूपात वाचले जाणारे वाक्य पडद्यावर ठळक होत जाते.

ई-रीडर खरेदी करताना विशेष सावध राहावे. २००७ साली आलेल्या पहिल्या किंडलवर स्वतःच्या एमपी-३ फायली ऐकता येत असत. अलीकडील किंडलवर ब्लूटूथने ऑडिबलची पुस्तके ऐकता येतात, पण घरच्या प्रवचनांच्या फायली त्यावर वाजत नाहीत. पॉकेटबुकची ध्वनिसुविधा असलेली काही यंत्रे एमपी-३ व एम-४-बी स्वीकारतात. ओनिक्स बूक्सची यंत्रे अँड्रॉइडवर चालत असल्याने त्यांत ध्वनिपुस्तकाचे ॲप बसवता येते. बहुतेक घरांत मात्र जुना मोबाइलच सर्वांत स्वस्त ई-रीडर ठरेल. यंत्र आणण्याआधी एक प्रकरण त्यावर वाजवून पाहावे, मध्येच थांबवावे, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे. जागा टिकली तरच पैसे द्यावेत.

हक्काची बाजूही पाहिली पाहिजे. भारतीय कायद्याने लेखकाचा हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. १९१९ साली नागपूरजवळ सावनेर येथे निधन पावलेले राम गणेश गडकरी किंवा १९५० साली निवर्तलेले साने गुरुजी यांची पुस्तके कोणीही वाचून ध्वनिमुद्रित करू शकतो. नागपूरचे कवी ग्रेस २०१२ साली गेले. त्यांच्या कवितांसाठी अजून अनेक वर्षे परवानगी घ्यावी लागेल. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी ना-नफा तत्त्वावर सुलभ प्रती करण्यास सवलत दिली आहे, आणि याच हेतूच्या मराकेश कराराला २०१४ साली सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत होता. परंतु ही सवलत सर्वांना वाटण्याची मुभा नव्हे. प्रवचनांच्या बाबतीत कायद्याहून मोठी मर्यादा संमतीची आहे. ज्या साधू-साध्वींनी ध्वनिमुद्रणास अनुमती दिली नव्हती, त्यांचे कोणी गुपचूप केलेले मुद्रण प्रसारित करू नये. घरगुती आठवणींसाठी संबंधित कुटुंबाची लेखी अनुमती घ्यावी.

शेवटी हिशेब. पन्नास तासांच्या फिती वाजवायला पन्नासच तास लागतात. त्यात घाई चालत नाही. तपासून ऐकण्यास आणखी पन्नास, आणि विभागणी व नोंदींसाठी पंचवीस धरले तर सव्वाशे तास होतात. दोन स्वयंसेवकांनी रोज एकेक तास दिला तर सुमारे दोन महिन्यांत काम पूर्ण होते. युवकांनी संगणक सांभाळावा. तपासून ऐकण्याचे काम मात्र ज्येष्ठांनीच करावे, कारण 'हा आवाज कोणाचा' हे सांगू शकणारे तेच आहेत. फीत अजून काही वर्षे टिकेलही; पण आवाज ओळखणारी व्यक्ती निघून गेली की कॅसेटवर केवळ 'प्रवचन, जुने' एवढीच चिठ्ठी उरेल.

म्हणून पुढील उन्हाळ्याची वाट न पाहता या महिन्यात एकच काम व्हावे : खोका उघडावा, कॅसेटींना क्रमांक द्यावेत, आणि एका वहीत वक्ता, स्थळ, वर्ष व विषय लिहावा. यंत्रे, स्वरूपे, ॲप हे सर्व नंतर येईल. ती वही झाली म्हणजे ताळेबंदात आजवर न आलेली ही ठेव प्रथमच समाजाच्या नावे जमा होईल.

जय जिनेंद्र.