खेळ मांडणारी मुलगी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी स्वयंपाकाच्या कमिटीत असते. भाषण करण्याची माझी ही पहिलीच वेळ. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंतचे. तेव्हा बोलण्यात काही चुकले तर तुम्ही सांभाळून घ्याल अशी आशा आहे. चिटणीसबाईंनी विषय दिला, "मुलांचे छंद व आईचे कर्तव्य". या बाबतीत माझ्या हातून एक मोठी चूक घडली आहे. तीच आज सांगावी म्हणून उभी राहिले.

आमची धाकटी मुलगी बारावीत आहे. ती दहावीला असताना एके दिवशी म्हणाली, "आई, मी व्हिडिओ गेम तयार करायला शिकणार." मला वाटले, थट्टा करते आहे. शेजारची मुले मोबाइलवर रात्रंदिवस ठो ठो करीत बसतात, तेवढेच मला त्यातले ठाऊक. घरात एकच गदारोळ झाला. हे म्हणाले, "खेळून कोणाचे पोट भरले आहे?" सासूबाई म्हणाल्या, "मुलीच्या जातीला हे कसले वेड?" आणि मी काय केले, तर तिची चित्रांची जाडजूड वही रद्दीवाल्याला देऊन टाकली. वाटले, वही गेली की वेडही जाईल.

ती रडली नाही, की भांडली नाही. तिने जुने कॅलेंडर काढले आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर पुन्हा रेघा ओढायला बसली. ती रडली असती तर मला बरे वाटले असते.

पुढे आठवडाभर आमचे बोलणे जेवायला वाढण्यापुरतेच होते. मग एका रात्री मी भांडी विसळीत असताना ती ओट्याशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तुला एका बाईची गोष्ट सांगते." ती तुम्हालाही सांगते, कारण ती बाई आपल्यासारखीच घर सांभाळणारी होती.

तिचे नाव रॉबर्टा विल्यम्स. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात राहणारी, दोन मुलांची आई. तिचा नवरा केन कॉम्प्युटरचे काम करी. १९७९ च्या सुमारास त्याच्यामुळे तिने घरबसल्या एक खेळ पाहिला. त्यात चित्र एकही नव्हते. तुम्ही गुहेत आहात, असे अक्षरांत उमटायचे आणि आपण पुढे काय करणार ते टाइप करायचे. त्या खेळाने तिला इतके झपाटले, की तिने त्या गुहेचे नकाशे कागदावर काढून काढून तो पुरा केला. मग तिच्या मनात आले, यात चित्रे असती तर! स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने स्वतःचा खेळ रचला. एक जुने घर, त्यात एकामागून एक माणसे मरतात आणि खुनी शोधायचा. नवरा ऐकून घेईना, तेव्हा तिने त्याला हॉटेलात जेवायला नेले आणि तिथे सगळी कथा त्याच्या गळी उतरवली. हे ऐकून मला हसू आले. नवऱ्याला जेवायला घालून मन वळवायचे, ही युक्ती तिकडेही चालते म्हणायची!

कॉम्प्युटरची भाषा तिला येत नव्हती, ते काम नवऱ्याने केले. कथा आणि चित्रे तिची. पण चित्रे होती सत्तर आणि त्या काळच्या यंत्रात ती मावेनात. तेव्हा त्यांनी अख्खे चित्र साठवलेच नाही. या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत रेघ ओढ, एवढ्याच सूचना साठवल्या. भगिनींनो, ही तर आपली ठिपक्यांची रांगोळी! इथे मला पहिल्यांदा वाटले, की हे काम आपल्यालाही समजण्यासारखे आहे.

तो खेळ, 'मिस्टरी हाउस', १९८० साली विक्रीस निघाला. घरीच प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून ती दोघे तो धाडीत. किंमत पंचवीस डॉलरला पाच सेंट कमी. दहा हजारांवर प्रती गेल्या. त्यातून त्यांची कंपनी उभी राहिली. १९८४ साली 'किंग्ज क्वेस्ट' आला आणि त्याच मालिकेतल्या १९८८ च्या खेळात तिने राजपुत्राऐवजी मुलीला नायिका केले. ज्या गुहेच्या खेळाने तिला वेड लावले, तोच तिने नव्या रूपात २०२३ साली लोकांपुढे आणला. तेव्हा ती सत्तरीच्या उंबरठ्यावर होती.

गोष्ट संपली तेव्हा भांडी केव्हाच विसळून झाली होती. मी विचारले, "पण यात शिकायचे ते काय?" ती म्हणाली, "उद्या दाखवते."

दुसऱ्या दिवशी तिने ते कॅलेंडर माझ्यापुढे पसरले. त्यावर घरे आखली होती. माझ्या शिवणाच्या डब्यातली अठरा बटणे माझ्या हातात दिली. "हा तुझा दम. प्रत्येक कामाला बटणे द्यायची. पहाटे साडेपाचला नळ येतो, सहाला जातो. रात्री दहापर्यंत दम पुरला तर तू जिंकलीस." मी तीनदा खेळले. तीनही वेळा दुपारच्या आतच बटणे संपली. चिडून म्हणाले, "तुझा खेळच चुकीचा आहे." तेव्हा तिने एका घरावर बोट ठेवले. त्यावर लिहिले होते, 'घटकाभर बसणे, चार बटणे परत.' म्हणाली, "आई, या घरात तू एकदाही गेली नाहीस."

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "पाणी भरताना दूध उतू जाते, ते कुठे आहे यात?" तिने लगेच पेन्सिल घेतली.

मग कळले, की हीच ती विद्या. खेळ मांडायचा, दुसऱ्याला खेळायला द्यायचा आणि तो कुठे अडतो, कुठे कंटाळतो ते निमूट पाहून खेळ सुधारायचा. त्यात गणितही आहे. दोन फासे टाकले तर छत्तीस तऱ्हा होतात. त्यांत सातचे दान सहा तऱ्हांनी पडते आणि दोनचे एकाच तऱ्हेने. हे ठाऊक नसेल तर खेळ फार सोपा होतो किंवा फार कठीण. सासूबाईंनाही तिने खेळायला बसवले. त्यांनी चार बटणे पदराखाली लपवली! मुलगी म्हणाली, "आजी, बरे झाले, नियमात कुठे फट आहे ते कळले." तेव्हापासून सासूबाईंचा विरोध मावळला आहे. आता त्या सांगतात, सापशिडीसुद्धा पूर्वी मोक्षपट होती आणि तो ज्ञानदेवांनी रचला असे म्हणतात. मग ही पोर काय वाईट करते आहे?

यात वाईट काही नाहीच, असे मी म्हणत नाही. पैसे लावून खेळायच्या मोबाइलवरच्या खेळांनी घरे बुडाली. म्हणून तर २०२५ साली केंद्र सरकारला त्यांच्या बंदीचा कायदा करावा लागला. पण जुगार निराळा आणि खेळ रचण्याची विद्या निराळी. आपल्या पुण्यातल्या मंडळींनी २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. त्यात एक मुलगी आपल्या हरवलेल्या भावासाठी राक्षसांशी लढते.

कुणाच्या मुलांना आवड असेल तर माहितीसाठी सांगते. डिझाइनच्या पदवीसाठी 'यूसीड' नावाची परीक्षा असते, ती मुंबईची आयआयटी घेते. बारावीच्या कोणत्याही शाखेची मुले ती देऊ शकतात आणि तिच्यात चित्रकलाही असते. एनआयडी या संस्थेच्या बेंगळुरूच्या शाखेत तर पदवीनंतर खास हाच विषय शिकवतात.

आमची मुलगी यंदा परीक्षा देणार आहे. नंबर लागेल की नाही, देव जाणे. लागला तर फीचे पैसे कसे उभे करायचे, यावर रोज रात्री घरी वाद होतो. यांचे मन अजून पुरते वळलेले नाही, आणि त्यांची काळजी खोटी आहे असे मला म्हणवत नाही. शिवणाच्या पैशांतून जुना कॉम्प्युटर मात्र मी घेऊन दिला. सातवीनंतर माझी शाळा सुटली तेव्हा माझ्या वह्याही रद्दीतच गेल्या होत्या. त्या वेळी काय वाटले होते ते मला आठवायला हवे होते. आठवले नाही.

त्या वहीची भरपाई मला करता येणार नाही. तुम्हाला एकच विनंती आहे. मुलांच्या वहीत काही वेडेवाकडे दिसले, तर ती फेकण्यापूर्वी "हे काय आहे?" एवढे तरी विचारा. मी विचारले नव्हते.

कॅलेंडरचा तो खेळ मी बरोबर आणला आहे. फराळानंतर ज्यांना खेळायचे असेल त्यांनी थांबावे. बटणे मोजून दिली आहेत, मोजूनच परत घेईन!