पावती मागायला लाजू नका
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या मसाल्याच्या गाळ्याची लाईट मालकाने तोडली. गाळा तालुक्याला, नगरपालिकेच्या हद्दीत. तो भाडं वाढवून मागत होता, आम्ही म्हटलं दिवाळीनंतर बघू. एका सकाळी जाऊन बघतो तर मशीन बंद, आणि साठ किलो मिरची ओल्या हवेत पडलेली. जाब विचारला तर म्हणतो कसा, "तुमचं तीन महिन्यांचं भाडं थकलंय." अगं, दर महिन्याला रोख मोजून दिलेलं! पण पावती एकही नाही. ओळखीचा माणूस, पावती कशी मागायची, असं आम्हालाच वाटायचं.

मग तालुका विधी सेवा समितीत गेलो. बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत, हे लक्षात ठेवा. वकीलताईंनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ उघडून दाखवला. भाडं घेतलं की त्याच वेळी लेखी पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. नाही दिली तर दिवसाला शंभर रुपयांपर्यंत दंड, कलम २६. योग्य कारण नसताना भाडेकरूचं पाणी किंवा लाईट तोडता येत नाही, कलम २९. कोर्ट ते परत जोडायला तारीख देतं, आणि ती पाळली नाही तर पुन्हा दिवसाला शंभरापर्यंत दंड.

शंभर रुपयांना मालक काय घाबरणार, असं मीही म्हटलं. शंभरात किलोभर मिरची येत नाही! पण खरी गोष्ट कलम ५५ मध्ये आहे. करार लेखी करून नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे, आपली नाही. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. आम्ही मात्र वर्षभर उलटंच समजत होतो, की कागद नाही म्हणजे आपण अडकलो.

वकिलांची नोटीस गेल्यावर चौथ्या दिवशी लाईट आली. मिरची गेली ती गेलीच. एका महिन्याचं भाडं आम्ही दुसऱ्यांदा भरलं, कारण ते दिल्याचा पुरावाच नव्हता. आता फोनवरून भरतो, नोंद राहते.

दोन गोष्टी सांगते. करारावर "लिव्ह अँड लायसन्स" लिहिलंय का ते सही करण्याआधी वाचा. तसं असेल तर भाडेकरूचं संरक्षण तुम्हाला मिळत नाही, आणि मुदत संपली की जागा सोडावी लागते. दुसरं, हा कायदा सगळ्या गावांना लागू नाही. तुमची जागा त्यात येते का, ते समितीत विचारून घ्या.

पुढच्या सभेला ज्या गटांनी जागा भाड्याने घेतली आहे त्यांनी करार आणि पावत्या पिशवीत घालून आणा. ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांनी तर नक्की या. पहिला नंबर त्यांचा.