तापीकाठची आमरी
(जळगाव येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या नगरीत वैशाखातील पारा ४५ अंशांच्या आसपास मुक्काम ठोकून बसतो, आणि जिच्या शेजारचे भुसावळ रेल्वेखालोखाल आपल्या उन्हाळ्यानेच सर्वत्र ओळखले जाते, त्या नगरीत ऑर्किडच्या लागवडीवर व्याख्यान ठेवणाऱ्या चालकांचे आभार मानावेत की त्यांच्याविषयी काळजी व्यक्त करावी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असल्यास मी त्यांना दोष देणार नाही. ऑर्किड म्हटले की सिक्कीमचे धुके, आंबोलीचा पाऊस, किंवा लग्नमंडपाच्या कमानीवर खोचलेले, थायलंडहून विमानाने आलेले जांभळे तुरे हीच चित्रे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात, आणि ती उभी राहिली म्हणजे हा आपल्या मुलखाचा विषय नव्हे असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. तो निकाल फिरवून घेण्यासाठीच मी येथे आलो आहे. मराठीत जिला आमरी म्हणतात ती वनस्पती खानदेशची जुनी रहिवासी आहे, आणि तिला घरी वाढविण्याचा छंद येथे टिकत नाही याचे कारण हवामानात जितके आहे त्याहून अधिक ज्याच्या त्याच्या एकाकी हौसेत आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

या रहिवासिनीचे शास्त्रीय नाव व्हँडा टेसेलाटा. बांधावरचा जुना आंबा, डोंगरपायथ्याचा मोह अशा खरखरीत सालीच्या वृक्षांवर ती आपली दोरीसारखी मुळे पसरून बसलेली असते. पाने जाड, चिवट आणि मध्यशिरेवर दुमडलेली. आणि इतर झाडे पानगळीने उघडीबोडकी झालेली असतात त्या वैशाख-ज्येष्ठात तिला फुले येतात. पिवळट हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी रेषांची बारीक जाळी, मधोमध निळसर जांभळा ओठ, आणि जवळ गेल्यावाचून लक्षात न येणारा गोड सुवास, असे ते फूल दोन-तीन बोटांहून रुंद नसते. त्यामुळे वाटसरूची मान वर होत नाही. ज्या उन्हात माणसे घराबाहेर पडावयास कचरतात त्या उन्हात ही वनस्पती फुलते कशी, याचे उत्तर तिच्या दिनचर्येत आहे. बहुतेक झाडे दिवसा आपली पर्णरंध्रे उघडून हवेतील कर्बवायू घेतात आणि त्या व्यवहारात पाणी गमावतात. ही वनस्पती दिवसा दारे लावून घेते, रात्री गारव्यात ती उघडून कर्बवायू आत घेते, आम्लाच्या रूपाने तो साठवून ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी बंद दाराआड सूर्यप्रकाशाच्या साह्याने त्याचे अन्न करते. मुळांवर मृत पेशींचे पांढरे सच्छिद्र वेष्टन असते. ते दवाचा किंवा पावसाचा थेंब टिपून घेते आणि मग वाऱ्यात वाळून जाते. पाण्याची इतकी काटेकोर तरतूद आपल्या नगरपालिकांनाही अद्याप साधलेली नाही.

अशा या वनस्पतीची आपण काय कदर करतो, तर तिला बांडगूळ समजून कोयत्याने खरवडून काढतो. आंब्यावर खरे बांडगूळ येते हे सत्य आहे, आणि ते काढलेच पाहिजे, कारण ते फांदीत आपली शोषक मुळे घुसवून झाडाचा रस पिते. आमरी मात्र सालीला केवळ धरून असते. आंब्याकडून ती आसऱ्याखेरीज काही घेत नाही. जे राहते ते वैद्यकाच्या नावाने जाते, कारण देशाच्या अनेक भागांत हिचीच मुळे रास्ना म्हणून विकली गेली आहेत. वस्तुतः सिंगापूर, हवाई आणि थायलंड येथील संकरकारांनी उष्णता सोसणाऱ्या नव्या जाती निर्माण करण्यासाठी ज्या मातापितरांची निवड केली त्यांत या आपल्या व्हँडाचा समावेश आहे, आणि पुण्या-मुंबईच्या रोपवाटिकांतून भारी किमतीला आपण जे निळे-जांभळे व्हँडा आणतो त्यांतील काहींच्या वंशावळीत आपल्याच बांधावरच्या या वनस्पतीचा अंश असतो.

जमिनीत कंदरूपाने झोपून पावसाळ्यात वर येणाऱ्या हॅबेनेरिया आणि युलोफिया या कुळबांधवांविषयी आज मी अधिक बोलत नाही. त्या सातपुड्यातच पाहाव्यात, कुंडीत त्यांचे हाल होतात. ज्यांना त्यांचा अभ्यास करावयाचा असेल त्यांनी फादर सांतापाव आणि कपाडिया यांचा १९६६ साली सरकारने प्रसिद्ध केलेला मुंबई इलाख्यातील ऑर्किडांवरील ग्रंथ मिळवून वाचावा. भारतात ऑर्किडच्या १,२५६ जातींची नोंद भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्याने केलेली आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यांतील शंभराहून अधिक येतात, आणि त्यांतील बहुतेक सह्याद्रीच्या आहेत हे मान्य केले पाहिजे.

आता मी अशा एका गोष्टीकडे वळतो, जिच्याविषयी बोलण्याचा अधिकार माझ्याहून या सभागृहातील केळीबागायतदारांना अधिक आहे. ऑर्किडच्या एका बोंडात बिया किती असतात हे पाहण्यासाठी डार्विनने एका इंग्लिश ऑर्किडचे बोंड घेतले, तेव्हा त्याच्या हिशेबी ६,२०० बिया निघाल्या. उष्ण कटिबंधातील काही जातींत हा आकडा लक्षांच्या घरात जातो. परंतु या बिया धुळीइतक्या सूक्ष्म असतात आणि त्यांच्यापाशी अन्नाची शिदोरी जवळजवळ नसतेच. विशिष्ट बुरशीचा तंतू आत शिरून पोषण देईल तरच बी रुजते, हे नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले. तोपर्यंत युरोपातील रोपवाटिकाकार मातृरोपाच्या बुडाशी बी टाकीत आणि दैवावर हवाला ठेवीत. दैव क्वचितच प्रसन्न होई, आणि म्हणूनच जंगले ओरबाडली जात. १९२२ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातील लुइस नडसन याने साखर आणि क्षार घातलेल्या निर्जंतुक अगारवर, बुरशीच्या साह्यावाचून, बी रुजवून दाखविले. पुढे १९६० साली जॉर्ज मोरेल याने सिंबिडियम या ऑर्किडमधील विषाणूरोग दूर करण्यासाठी तिच्या कोंबाचा अग्रभागच तेवढा कापून काचेच्या नळीत वाढविला, आणि रोगमुक्त रोप तर मिळालेच, शिवाय एका कोंबाची असंख्य रोपे करता येतात असा शोध जगाच्या हाती आला.

हीच विद्या, पुढे वाढत आणि पिकांप्रमाणे बदलत, जळगावला पोहोचली. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत पूर्वी मुनवे लावून केळीची बाग धरीत आणि मुनव्याबरोबर त्याचा रोगही नव्या शेतात येई. आज मृगबाग असो वा कांदेबाग, जैन इरिगेशनसारख्या संस्थांच्या प्रयोगशाळांतून आलेली ग्रँड नैन जातीची ऊतिसंवर्धित रोपे आपण सहजपणे लावतो. सांगण्याचा मुद्दा असा की, काचेच्या बाटलीतून काढलेल्या ऑर्किडच्या रोपाला बाहेरच्या हवेची हळूहळू सवय कशी लावावी, हरितगृहातून शेडनेटखाली आणि शेडनेटखालून उन्हात त्याला किती दिवसांनी न्यावे, हे पुण्यातील हौशी मनुष्य पुस्तकातून शिकतो. आपल्या जिल्ह्यात ते ज्ञान शेतमजुरांच्या हातात आहे. त्या हातांना ऑर्किडच्या छंदाकडे कोणी अद्याप बोलावलेले नाही, एवढेच.

लागवडीच्या तपशिलात मी शिरतो, कारण छंदाची खरी मजा तेथेच आहे. आपल्या काळ्या कसदार जमिनीचा ज्यांना अभिमान आहे त्यांनी तो ऑर्किडपुरता बाजूला ठेवावा. ती माती कुंडीत भरली की मुळांना हवा मिळत नाही आणि महिन्याभरात ती कुजतात. सागवानी पट्ट्यांची टोपली, तीत लाकडी कोळसा आणि फुटक्या कौलांचे तुकडे, आणि आधाराला सुतळी, एवढ्यावर व्हँडा संतुष्ट असते. डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडला थोड्या नारळाच्या शेंड्या अधिक द्याव्यात. दुसरी अडचण पाण्याची. आपल्या कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते. त्यातील क्षार मुळांवर पांढरे पुट धरतात आणि पानांची टोके करपतात, म्हणून ज्याला हा छंद करावयाचा आहे त्याने गच्चीवरचे पावसाचे पाणी टाक्यात साठवावे. फॅलेनॉप्सिस हे बाजारात हटकून पुढे केले जाणारे सुंदर फुलाचे रोप नवशिक्याने घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. ते येथील मे महिन्यात जगविणे म्हणजे घरात एक रुग्ण सांभाळणे होय. डेंड्रोबियमचे संकर आणि व्हँडा यांना येथील उष्मा सोसवतो, मात्र उष्म्याबरोबर येणारा कोरडा वारा सोसवत नाही. त्यात लाल कोळी पडतो, कळ्या गळतात, पाने सुरकुततात. हिवाळ्यात उलट प्रकार: धुळ्याकडे थंडीच्या कडाक्यात पारा दहा अंशांच्याही खाली उतरतो, आणि त्या दिवसांत कोणी उन्हाळ्याच्या हिशेबाने पाणी घालीत राहिला तर ती माया प्राणघातक ठरते.

कोरड्या वाऱ्यावर आपल्याकडे जो उपाय आहे तो महाबळेश्वरच्याही बागवानापाशी नसेल. केळीच्या बागेभोवती शेवरीचे किंवा गजराज गवताचे दाट कुंपण करण्याचा आपल्याकडे शिरस्ता आहे. आत ठिबकाचे पाणी, वर रुंद पानांचे छत, खाली सतत ओलसर जमीन. भर उन्हात बांधावरून अशा बागेत पाऊल टाकले की हवा बदलल्याचे अंगाला जाणवते. या बागेच्या कडेला, शेडनेटच्या तुकड्याखाली, बांबूच्या आडव्या काठीला टांगलेल्या टोपल्यांसाठी निराळा खर्च करावा लागत नाही. शहरातल्या माणसाला बाग नसते. त्याला मित्राची बाग असते. येथे ऑर्किडच्या हौशी लोकांच्या मंडळाचा प्रश्न उपस्थित होतो.

एकट्याच्या हौसेचा इतिहास फारसा उज्ज्वल नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हुकर हा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ खासी टेकड्यांत गेला असता त्याने निळ्या व्हँडाची सात माणसांच्या ओझ्याइतकी रोपे लंडनच्या क्यू उद्यानासाठी गोळा केली. त्यांतील फारच थोडी जिवंत पोहोचली. दुसऱ्या एका गृहस्थाने एका माणसाचे ओझे विलायतेस धाडले, ते वाईट अवस्थेत पोहोचूनही ३०० पौंडांस विकले गेले, आणि त्या किमतीची वार्ता पसरल्यावर त्या टेकड्यांचे काय झाले असेल याची कल्पना श्रोत्यांनीच करावी. याच्या उलट उदाहरण सिंगापूरचे. तेथील उद्यानाचे संचालक एरिक हॉल्टम, जॉन लेकॉक नावाचे वकील आणि एमिल गॅलिस्टन या तिघांनी १९२८ साली मलायाची ऑर्किड सोसायटी स्थापन केली. हॉल्टम यांनी नडसनची पद्धती हौशी सभासदांपर्यंत पोहोचविली, सभासदांनी घरोघरी संकर केले, आणि पुढे त्या बेटावर फुलांचा जो व्यापार उभा राहिला त्याचे मूळ या हौशी मंडळींच्या मेजावर आहे. आपल्या देशात चंदीगड आणि बंगळूर येथे ऑर्किडच्या संस्था चालू आहेत. त्यांची नक्कल करावी असे मी म्हणत नाही.

नक्कल करावयाचीच तर ती आपल्या पांझरेकाठच्या फड पद्धतीची करावी. एका बंधाऱ्याचे पाणी सर्वांचे, एका फडात एका हंगामास एकच पीक, पाणी वाटणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, त्यांवर देखरेख ठेवणारा हवालदार, आणि सर्वांवर गावकऱ्यांचे पंच, अशी ही व्यवस्था कित्येक शतके सरकारी हुकुमावाचून चालली. ऑर्किड मंडळाचा बंदोबस्त याहून निराळा नसावा. व्हँडा उंच झाली की तिचा शेंडा मुळांसह कापून निराळा लावता येतो आणि खालच्या खुंटाला नवे कोंब येतात. डेंड्रोबियमच्या कांडीला पिल्ले फुटतात. तेव्हा प्रत्येक सभासदाने आपल्या उत्तम रोपाचा एक अंश दुसऱ्याच्या घरी ठेवावा, म्हणजे एकाच्या घरी उन्हाळ्यात रोप दगावले तरी जात मंडळातून नाहीशी होत नाही. एका गृहस्थाने एकच रोप किंवा पन्नास रोपे बाळगावीत, त्यास हरकत नाही. परंतु एखादी जात आपल्या एकट्याकडेच आहे ही प्रौढी मंडळात वर्ज्य मानावी. महिन्यातून एकदा एकाच्या गच्चीवर किंवा बागेत जमावे, फुललेले रोप मेजावर ठेवावे, आणि ते कोणत्या पाण्यावर, कोणत्या सावलीत फुलले याचा जबाब नोंदवहीत लिहून घ्यावा. पाच वर्षांत ही नोंदवही खानदेशपुरता असा ग्रंथ होईल, जो सध्या कोणत्याही ग्रंथालयात नाही.

एक नियम मात्र अपवादरहित असावा: जंगलातून रोप आणावयाचे नाही. यावल, गौताळा यांसारख्या अभयारण्यांतून काहीही उपटणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने निषिद्ध आहे, आणि ऑर्किडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९७५ पासून करारान्वये नियंत्रित आहे; पण मी कायद्याचा धाक घालीत नाही, कारण उंच झाडावरून ओढून काढलेल्या व्हँडाची मुळे तुटतात आणि ती बहुधा घरी मरते, म्हणजे चोरीही आतबट्ट्याचीच. रस्ता रुंद होताना जुने आंबे तोडले जातात, तेव्हा पडलेल्या फांद्यांवरची व्हँडा वनखात्याचा परवाना घेऊन उतरवावी आणि शेजारच्या उभ्या झाडावर बांधावी, हे काम मंडळाने अवश्य अंगावर घ्यावे. त्यासाठी कोणत्या झाडावर ती आहे हे आधी ठाऊक असावे लागते, आणि तशी यादी आज कोणाच्याही दफ्तरी नाही.

म्हणून माझी विनंती आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत आपल्या शेतावर किंवा जाण्यायेण्याच्या वाटेवर ज्या आंब्यावर, मोहावर ही वनस्पती आपणांस आढळेल त्याचा गाव, तालुका, गट क्रमांक आणि फुलण्याचा महिना एका पोस्टकार्डावर लिहून या व्याख्यानमालेच्या कार्यालयात पाठवावा. मृग लागण्यापूर्वी ती फुलावर असते, तेव्हा शोध घेण्यास हेच दिवस योग्य आहेत. पंचवीस कार्डे आली की मंडळाची पहिली सभा बोलावू; वर्गणीचे नंतर पाहू.