स्फटिकाचें कुलवृत्त

मराठी बोलींत गारगोटीला फारसा मान नाहीं. हिऱ्याच्या आशेनें गेलेल्यास गारगोटी मिळाली म्हणजे त्याची फजिती झाली, असें समजतात. परंतु ज्याला दगडांचा छंद लागला, त्याला हा न्याय मान्य होणार नाहीं.

विरारहून पालघरकडे जाणारी आगगाडी वैतरणा नदी ओलांडते. त्र्यंबकेश्वराच्या डोंगरांत उगम पावलेली ही नदी काळा पाषाण कापीत समुद्राकडे येते. हा पाषाण म्हणजे सुमारें ६.६ कोटि वर्षांपूर्वीं थिजलेला लाव्हा होय. थिजतांना त्यांतील वायूच्या बुडबुड्यांनीं पोकळ्या ठेवल्या. पुढें खडकांत मुरलेल्या ऊन पाण्यांतील सिलिका त्या पोकळ्यांच्या भिंतींवर हळूहळू जमली आणि षट्कोनी स्फटिक वाढले. त्यांत लोहाचा लवलेश राहिला व आसपासच्या खडकांतील किरणोत्सर्गाचा त्यावर दीर्घकाळ परिणाम झाला, म्हणजे स्फटिकाला जांभळा रंग चढतो. हाच जंबुमणि. जळगांवकडील खडकांत तो सांपडतो.

नवख्याला ओळख कशी पटावी? गारगोटी काचेवर ओरखडा काढते. तिच्यासारखेंच दिसणारें कॅल्साइट चाकूनें ओरखडलें जातें. स्फटिक चांगला असल्यास पुठ्ठ्याचा कोनमापक घेऊन त्याच्या खांबाच्या लगतच्या दोन बाजू मोजाव्या. कोन १२० अंशांचा भरेल. स्फटिक बोटाएवढा असो वा हाताएवढा, हा कोन बदलत नाहीं, हें स्टेनो या डॅनिश पंडितानें १६६९ सालीं दाखवून दिलें.

भोरघाटांत १८५६ ते १८६३ या काळांत लोहमार्ग खोदतांना झिओलाइट वर्गांतील खनिजांचे सुरेख नमुने निघाले व परदेशींच्या संग्रहालयांत पोंचले. आज सिन्नर येथें 'गारगोटी' याच नांवाचें खनिज-संग्रहालय आहे. परंतु खाणींत सुरुंग उडाल्यावर फुटलेल्या पोकळ्यांपैकीं बहुतेकांची खडीच होते. तींतून संग्राहक जें वांचवितो, तेवढेंच उरतें.

मात्र नुसतें वांचविणें पुरेसें नाहीं. दगड कोठें, कोणत्या दिवशीं, कोणत्या खनिजाच्या सोबतीनें मिळाला, याची चिठ्ठी त्याच्या जवळ हवी. कुलगोत्र हरवलेला स्फटिक शोभेचा खडा होतो. अभ्यासकाला त्याचा उपयोग उरत नाहीं. जंबुमणि तापविला कीं बहुधा पिवळा होतो, आणि बाजारांत पिवळा 'सिट्रीन' म्हणून मिळणारे बरेच खडे असे तापविलेलेच असतात. तेथें चिठ्ठीवांचून खरेंखोटें कोणी सांगावें? जंबुमणि प्रखर उन्हांतहि ठेवूं नये. त्याचा रंग फिकटतो.

खाणींत मालकाच्या परवानगीवांचून शिरूं नये, सुरुंगाच्या वेळीं दूर राहावें व सुटलेल्या कड्याखालीं उभें राहूं नये. मुलांनीं आरंभ नदीकांठींच करावा. पावसाळा सरल्यावर वैतरणेच्या वाळवंटांतून कोणी बालक मूठभर गारा घरीं आणील, तेव्हां वडील मंडळींनीं त्या अंगणांत फेकून देऊं नयेत. त्याला एक रिकामी डबी द्यावी आणि तींत घालावयास एक कोरी चिठ्ठी.