डब्यातले पत्र



तुमच्या वर्गात आम्हांला चार शब्द बोलायला बोलावले आहे. आम्ही आयुष्यभर प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. शेवटी हेडमास्तर झालो आणि निवृत्त झालो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. तेव्हा विद्वत्तेचे बोलणे आमच्याजवळ नाही. एका पत्राची हकीकत आहे, तीच सांगतो.

आमचा एक विद्यार्थी होता. गाव पारोळा तालुक्यातले. दहावी झाली आणि पोरगा फौजेत भरती झाला. सतरा वर्षे नोकरी केली, हवालदार झाला, घरी आला. आला तेव्हा उजवा गुडघा वाकत नव्हता. बैलगाडीत चढताना तो आधी डावा पाय ठेवी, मग उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेई. शेतात निंदणीला बसता येत नसे. गावात सगळे त्याला फौजी म्हणत, मान देत. पण पायाचे काय झाले हे कोणी विचारत नसे.

एकदा आम्ही विचारले, "अरे, पायाला काय झाले?"

"बर्फात घसरलो, गुरुजी."

"मग त्याचे काही मिळते का?"

"नोकरीचे पेन्शन मिळते. पायाचे नाही म्हणाले."

"कोण म्हणाले?"

"पत्र आले होते."

"काय होते पत्रात?"

तो खाली बघू लागला. म्हणाला, "इंग्रजीत होते, गुरुजी. माले काय माहीत?"

त्याच्या बायकोने फडताळातून एक पत्र्याचा डबा काढला. आत रेशनकार्ड, लग्नपत्रिका, पोराच्या लशीचे कार्ड आणि खाली ते पत्र. त्याच्या आईने ठेवले होते. म्हातारीने सांगितले होते, सरकारी कागद आहे, नीट जपून ठेवा. त्यांनी इतके नीट जपले की चार वर्षांत कोणी उघडून पाहिले नाही.

आमचे इंग्रजी मॅट्रिकचे. शब्दकोश घेऊन दोन रात्री बसलो. एका शब्दाला तर तीन वेळा पाने उलटली. पत्रात तीन गोष्टी होत्या. पहिली, तुमच्या गुडघ्याचे अपंगत्व २० टक्के धरले आहे. दुसरी, हे अपंगत्व नोकरीमुळे आले असे दिसत नाही, म्हणून पेन्शन देता येत नाही. तिसरी गोष्ट शेवटच्या ओळीत होती. हे मान्य नसेल तर सहा महिन्यांच्या आत अपील करा.

सहा महिने कुठे आणि चार वर्षे कुठे!

आता हे टक्क्याचे प्रकरण समजून घ्या. तुमच्यापैकी पुष्कळांना हिशेब येऊ लागला आहे, म्हणून पाटीवर मांडूनच पाहा. फौजेतून सुटताना जवानाची डॉक्टरांच्या मंडळापुढे तपासणी होते. त्याला मेडिकल बोर्ड म्हणतात. अपंगत्व किती टक्के आणि ते नोकरीमुळे आले किंवा वाढले की नाही, या दोन गोष्टी बोर्ड लिहिते. अपंगत्व २० टक्के किंवा जास्त असेल आणि नोकरीशी त्याचा संबंध असेल, तर नोकरीच्या पेन्शनशिवाय वेगळी रक्कम मिळते. पूर्ण १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, असा तिचा हिशेब आहे. सोयीसाठी पगार ३०,००० रुपये धरा. १०० टक्क्यांना ९,००० रुपये. मग २० टक्क्यांना? ९,००० चा पाचवा हिस्सा, म्हणजे महिना १,८०० रुपये.

पण हिशेब इथेच संपत नाही. टक्के वर ओढून धरण्याचा नियम आहे. ५० च्या आत असेल ते ५० धरायचे, ५० ते ७५ असेल ते ७५ धरायचे, त्यावरचे १००. जे जवान दुखण्यामुळे मुदतीआधी घरी पाठवले जात, त्यांना १९९६ पासून हा फायदा होता. नोकरी पुरी करून आलेल्यांना तो देत नसत. १० डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार यांच्या खटल्यात सांगितले की, त्यांनाही तो मिळाला पाहिजे. म्हणजे आमच्या हवालदाराचे २० टक्के हे ५० टक्के झाले. १,८०० चे ४,५०० झाले. त्यावर महागाईची रक्कम वेगळी. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत. त्या तारखेपासून पुढे निवृत्त झालेल्यांनी आमचा हा हिशेब धरू नये. त्यांनी नवे नियम विचारून घ्यावेत. लढाईत गोळी लागलेल्याचे पेन्शनही वेगळे आणि जास्त असते.

तर आता पुरावा हवा. पाय नोकरीत मोडला हे कशावरून? आम्ही हवालदाराला विचारले, "बोर्डापुढे तू काय सांगितलेस?" तो म्हणाला, "साहेबांनी विचारले, काही त्रास आहे का? मी म्हणालो, काही नाही साहेब, चालतो मी." आम्ही म्हणालो, "अरे, असे का सांगितलेस?" तेव्हा कळले की आखाजी आठ दिवसांवर आली होती. बहीण माहेरी येणार होती, झाडाला झोका बांधायचा होता. तक्रार सांगितली तर दवाखान्यात ठेवून घेतील, आखाजी चुकेल, ही भीती. आणि खरे सांगायचे तर फौजी माणसाला दुखते म्हणायची लाजही वाटते. घसरून पडला तेव्हाही दहा दिवस सुजलेल्या पायाने चालला, कोणाला बोलला नाही.

ज्यांची पोरे आज फौजेत आहेत त्यांनी घरी जाऊन फोन करावा. पोराला सांगावे, बाबा, काही लागले-खुपले तर त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि लिहून घे. कागदाची एक प्रत घरी पाठव.

नशीब असे की सगळे कागद गेले नव्हते. त्याच्या काळ्या पेटीत, गणवेशाच्या घडीत, फौजी दवाखान्याची एक चिठ्ठी सापडली. बारा दिवस दाखल होता, उजवा गुडघा, तारखेसह. ती घेऊन आम्ही, हवालदार आणि शेजारच्या गावचे एक वृद्ध सुभेदार, असे तिघे जळगावला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. असेच कार्यालय धुळ्यालाही आहे. माजी सैनिक, त्यांच्या बायका, विधवा यांच्या कामासाठीच ते असते. तिथे अर्ज लिहून देतात आणि त्याचे पैसे पडत नाहीत. वैद्यकीय कागदांच्या नकला आम्ही माहितीच्या अधिकारात मागवल्या. हा कायदा २००५ सालचा. केंद्र सरकारच्या कचेरीकडे अर्ज करायची फी दहा रुपये. नकला आल्या. त्यांत भरतीच्या दिवसाची तपासणी होती. त्या दिवशी दोन्ही गुडघे धड होते, असे डॉक्टरांच्या सहीने लिहिलेले होते.

अपील केले. उशीर झाला म्हणून नाकारले. सुभेदार आबा म्हणाले, "मास्तर, आता मुंबई." फौजी माणसांच्या तक्रारींसाठी एक वेगळे न्यायालय आहे. त्याला सशस्त्र सेना न्यायाधिकरण म्हणतात. कायदा २००७ सालचा, काम २००९ साली सुरू झाले. त्याचे एक पीठ मुंबईला आहे. अशा न्यायालयाच्या कामाला वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात विचारावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग माणसे यांना कायद्याने फुकट मदत मिळते.

तारखा पडल्या. रात्रीच्या गाडीने जायचे, सकाळी उतरायचे, तारीख घेऊन परत यायचे. हवालदाराला गाडीत पाय लांब करायला जागा मिळत नसे. अडीच वर्षांनी निकाल लागला. पेन्शन मंजूर झाले.

पण ऐका. थकबाकी किती मिळाली? दावा दाखल केला त्याच्या मागची तीनच वर्षे. उशिरा आलेल्याला बहुधा इतकेच देतात, तसा सर्वोच्च न्यायालयाचा २००८ सालचा निकाल आहे. हवालदार घरी येऊन तोवर सहा वर्षे झाली होती. पहिली तीन वर्षे गेली. ३६ महिने, महिना ४,५०० धरले तर १,६२,००० रुपये. एवढे पैसे त्या डब्यात बुडाले. म्हातारीला आम्ही हा आकडा सांगितला नाही. हवालदारानेही सांगितला नाही.

या कामाची खबर पसरली आणि लोक येऊ लागले. सगळ्यांचे काम झाले असे नाही. शिंदखेडा तालुक्यातील एक नाईक आले. कानाने कमी ऐकू येते. नोकरी पुरी केलेली, बोर्डाने १५ टक्के लिहिलेले. २० च्या खाली गेले, मिळाले नाही. आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले की आशा कमी आहे. ते रागावून गेले. पुन्हा आले नाहीत.

आजाराचेही असेच आहे. धरमवीर सिंग नावाचे एक शिपाई होते. भरतीच्या वेळी धडधाकट, पुढे नोकरीत फेफरे येऊ लागले. १९९४ साली त्यांना घरी पाठवले आणि आजार नोकरीचा नाही म्हणून पेन्शन नाकारले. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या कागदात आजाराची नोंद नसेल, तर तो नोकरीमुळे आला असे धरावे. तसे नाही म्हणायचे असेल तर डॉक्टरांनी कारण लिहावे. म्हणून भरतीच्या दिवसाचा कागद फार मोलाचा आहे. नुसते "नाही" असा शिक्का आला तर कारण काय लिहिले आहे ते वाचावे.

आता आमच्या हातची एक चूक सांगतो. धुळे तालुक्यातील एका फौजीची विधवा आली. तिचे पेन्शन अडले होते. हल्ली फौजेचे पेन्शन 'स्पर्श' नावाच्या कॉम्प्युटरच्या पद्धतीने प्रयागराजहून निघते. नाव, जन्मतारीख, आधार यांत फरक पडला की गाडी थांबते. बाईच्या शाळेच्या दाखल्यावर तारीख होती १ जून आणि आधारवर १ जानेवारी. आम्ही दाखला पाहिला. अक्षर ओळखीचे वाटले. खाली सही पाहिली, सही आमची! नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत आम्ही त्या शाळेवर होतो. त्या काळी आईबापांना तारीख आठवत नसे आणि आम्ही मास्तर लोक सगळ्या पोरांना १ जून लिहून टाकत असू. अर्धा तालुका १ जूनचा जन्मलेला आहे. आम्ही म्हणालो, "माय, ही चूक मास्तरची आहे." ती म्हणाली, "गुरुजी, तुम्ही नाव लिहिलं म्हणून तर मी शाळेत गेली." आम्हांला पुढे बोलवेना. ती तारीख जुळवायला तिला आठ महिने फिरावे लागले. आम्ही बरोबर फिरलो, तेवढेच हातात होते.

आणखी एका माणसाविषयी बोलले पाहिजे. तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडजवळ तो भेटतो. कोट घालतो, फाईल बगलेत. म्हणतो, तुमचे काम करून देतो, थकबाकीतले रुपयाला चार आणे माझे. कोऱ्या कागदावर सही घेतो. एका जवानाने अंगठा दिला, तेव्हा सुभेदार आबांनी जाऊन तो कागद परत आणला. कसा आणला ते आम्ही विचारले नाही. आबांचा आवाज अजून परेडचा आहे.

कोणी म्हणतात, एवढा आटापिटा कशाला, सरकारपुढे हात पसरायचा. हात पसरण्याचा प्रश्नच नाही. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या हिंदी शिपायांना धंदा शिकवायला १९१७ साली मुंबईत एक संस्था निघाली. ती पुढे खडकीला गेली. पुण्यात १९४४ पासून फौजेचे कृत्रिम पायांचे केंद्र आहे. परक्या सरकारनेही जखमी शिपायाचे देणे मान्य केले होते. आपल्या राज्यात तर तो लिहिलेला हक्क आहे.

तर तुम्ही एक करा. आज वर्ग सुटला की घरातला डबा काढा. तुमच्या घरी फौजी नसेल तर शेजारी असेल, भाऊबंदांत असेल. पत्र काढून तारीख वाचा. तारीख तरी तुम्हांला आता वाचता येते. इंग्रजी आम्ही बघू. अस्सल कागद कोणाच्या हाती देऊ नका, नकला द्या. पोस्टाची पावती अर्जाला टाचून ठेवा. वर्षातून एकदा हयातीचा दाखला लागतो, तो गावच्या सेवा केंद्रावर अंगठा लावून करता येतो.

बुधवारी आम्ही आणि सुभेदार आबा शाळेच्या ओट्यावर बसतो, सकाळी आठ ते अकरा. हवालदारही येतो. तो आता कागद लावण्यात आमच्यापेक्षा हुशार झाला आहे. पेटी जड असेल तर उघडत बसू नका, तशीच उचलून आणा.